ब्रेक ढिला करू नका, चाकाचा आउट काढा

आज घरी गेल्यावर एक छोटी तपासणी करा. सायकल उभी करा, पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि हातानं फिरवा. डोळे चाकावर नको, ब्रेकच्या दोन रबरांवर ठेवा. रबर आणि रिम यांच्यातली फट चाक पूर्ण फिरेपर्यंत सारखी राहते का? की दर फेऱ्याला रिम एका बाजूला झुकते आणि रबराला घासून ‘शर्र’ असा आवाज येतो?

आवाज येत असेल तर तुमच्या चाकात ‘आउट’ आहे. महाराष्ट्रातले सायकलवाले हाच शब्द वापरतात आणि दुरुस्तीला ‘आउट काढणं’ म्हणतात. इथे जबलपूरमध्ये मिस्त्रीला ‘भैया, चक्का लहरा रहा है’ म्हटलं की तो समजून जातो.

आता प्रश्न असा, की चाक घासायला लागलं की आपल्या घरात काय होतं? बहुतेक घरांत एकच उपाय होतो. कुणीतरी पाना घेतं आणि ब्रेक थोडा ढिला करतं. रबर रिमपासून लांब गेलं, आवाज बंद झाला, सायकल पुन्हा हलकी चालू लागली. काम झालं असं वाटतं. पण ब्रेकचा दांडा आता हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो आणि तरी सायकल वेळेवर थांबत नाही. आउट जिथल्या तिथे आहे, फक्त त्याचा आवाज गेला आहे.

म्हणून या वेळचा विषय हा. चाक डुलत असेल तर ब्रेकला हात लावायचा नाही, चाक सरळ करायचं. हे काम घरी करता येतं. त्यासाठी दुकानभर अवजारं लागत नाहीत, एक छोटी चावी आणि तासभराचा निवांतपणा लागतो.

सायकलींचं शहर

जबलपूरला सायकल नवीन नाही. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आली आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी. या कारखान्यांत, रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला आलेली कितीतरी मराठी कुटुंबं इथेच स्थिरावली. रांझी, घमापूर, अधारताल या भागांतल्या जुन्या माणसांना विचारा. भोंगा वाजला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा कसा बाहेर पडायचा, ते अजून सांगतात. त्या सायकलींवर डबा असायचा, मागे पोरगं बसायचं, कधी पिठाची पिशवी असायची. इतकं वजन वाहणारं चाक सरळ ठेवणं ही हौस नव्हती, गरज होती.

आज मोटारसायकली आल्या, तरी सायकल गेलेली नाही. सकाळी डुमना रोडला व्यायामासाठी जाणारे आहेत. पेपर, दूध, भाजी घेऊन फिरणारे आहेत. शिवाय मध्य प्रदेशात शाळा दुसऱ्या गावी असेल, तर सहावी आणि नववीच्या मुलामुलींना शासनाच्या योजनेतून सायकल मिळते. जिल्ह्यातल्या गावागावांतल्या मुलींसाठी शाळा सुटणार की चालू राहणार, हे कधी कधी त्या सायकलवर ठरतं. चाक वाकडं झालं, दुकान लांब आहे, घरात पैसे नाहीत, म्हणून सायकल चार महिने भिंतीला टेकून राहिली, असं व्हायला नको.

चाक उभं राहतं कशावर?

मदन महालच्या टेकडीवरचा बॅलन्सिंग रॉक तुम्ही पाहिला असेल. एका दगडावर दुसरा दगड, निव्वळ वजनाच्या तोलावर. २२ मे १९९७ च्या भूकंपातही तो पडला नाही. सायकलच्या चाकाचा तोल मात्र अगदी वेगळा आहे. तो वजनाचा नाही, ताणाचा आहे.

चाकातला एक स्पोक हातात घेऊन बघा. आपण त्याला आरा म्हणतो, हिंदीत तीली. इतकी बारीक तार, टोकावर उभी करून दाबली तर लगेच वाकेल. मग ती आपलं वजन कसं पेलते? कारण ती दाब सोसत नाही, ओढ सोसते. प्रत्येक स्पोक रिमला हबकडे म्हणजे चाकाच्या मध्याकडे ओढून धरतो. निम्मे स्पोक हबच्या डाव्या चकतीतून निघतात, निम्मे उजव्या चकतीतून. डावे रिमला डावीकडे ओढतात, उजवे उजवीकडे. ही रस्सीखेच बरोबरीत सुटली की रिम मधोमध सरळ उभी राहते. एका बाजूचा गडी ढिला पडला की रिम दुसऱ्या बाजूला जाते. आउट म्हणजे एवढंच.

आपल्या नेहमीच्या काळ्या, उंच सायकलीत पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० स्पोक असतात. मागे वजन जास्त, म्हणून तारा जास्त. स्पोक हबमधून सरळ न काढता तिरके, एकमेकांना ओलांडून बसवायची पद्धत इंग्लंडमधल्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आणली. दीडशे वर्षं झाली, आपली चाकं अजून तशीच विणली जातात.

आता एक हिशेब. २८ इंची चाक एका किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे घेतं. शाळा पाच किलोमीटरवर असेल, तर फक्त जाताना सव्वादोन हजार फेरे. दर फेऱ्याला खाली येणाऱ्या स्पोकचा ताण थोडा कमी होतो आणि वर गेला की पुन्हा वाढतो. स्पोक नीट आवळलेला असेल तर त्याला हे सहज झेपतं. ढिला असेल तर तो दर फेऱ्याला पार सैल पडतो, पुन्हा झटक्यानं ताणला जातो, आणि हबजवळ जिथे त्याला बाक असतो तिथे एक दिवस तुटतो. मग त्याच्या वाटणीचं काम शेजाऱ्यांवर येतं. म्हणून छोटा आउट छोटा राहत नाही.

आधी निदान

डुलणारं प्रत्येक चाक स्पोकमुळेच डुलत नाही. चावी हातात घेण्याआधी या चार गोष्टी बघा.

नट. चाक चिमट्यात तिरकं बसलंय का? तसं असेल तर रिम डुलत नाही, पण सतत एकाच बाजूला चिकटून चालते. दोन्ही नट ढिले करा, चाक पूर्ण आत सरकवून मधोमध घ्या आणि दोन्ही नट घट्ट आवळा.

छर्रे. रिम ब्रेकजवळ धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर दोष हबमध्ये आहे, कोन ढिला झालाय. कोन इतकाच आवळायचा की खटखट जाईल, पण चाक अडकणार नाही. पुढच्या चाकाची सोपी परीक्षा अशी: चाक उचलून सोडून द्या. वॉल्व्ह किंवा रिफ्लेक्टर, जो भाग जड असेल तो आपोआप खाली येऊन थांबला पाहिजे.

टायर. कधी रिम सरळ फिरते आणि टायरच उड्या मारतो. टायरच्या कडेनं एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. नसेल तर हवा काढा, टायर हातानं नीट बसवा आणि पुन्हा हवा भरा.

तुटलेला स्पोक. सगळे स्पोक एकदा हातानं चाचपा. एखादा तुटून लटकत असेल तर तो बदलल्याशिवाय चाक सरळ होणार नाही. तोपर्यंत तो शेजारच्या स्पोकला सुतळीनं बांधून ठेवा आणि सायकल हातात धरून दुकानापर्यंत न्या.

या चारही गोष्टी ठीक आहेत आणि तरी रिम डुलते? मग चला कामाला.

काय काय लागेल

स्पोक आवळायची चावी. ही बहुधा छोटी गोल चकती असते, कडेला वेगवेगळ्या मापांच्या खाचा असलेली. सायकलच्या सामानाच्या दुकानात मिळते. निपल म्हणजे स्पोकच्या रिमकडच्या टोकाचं पितळी किंवा लोखंडी चौकोनी नट. त्यावर अगदी घट्ट बसणारी खाच शोधा. सैल खाच वापरली की निपलचे कोपरे झिजतात आणि मग ते कुठल्याच चावीला दाद देत नाही. पक्कड तर नकोच.

बाकीचं सगळं घरातच आहे: खडू, पेन्सिल, दोन-तीन रबरबँड, थोडं मशीनचं तेल आणि जुनं फडकं.

हात चालवू या

गोणपाट अंथरून सायकल उलटी करा. दांड्याच्या ब्रेकची सायकल असेल तर हँडलखाली दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे ठेवा, म्हणजे वजन ब्रेकच्या दांड्यांवर येणार नाही. टायरमधली थोडी हवा कमी करा.

प्रत्येक निपलच्या तोंडाशी तेलाचा एकेक थेंब सोडा आणि पंधरा मिनिटं थांबा. गंजलेलं निपल तसंच पिरगाळलं तर स्पोक तुटतो. ब्रेकचं रबर जिथे टेकतं तिथे तेल राहू देऊ नका, लगेच पुसा. दांड्याच्या ब्रेकमध्ये रबर रिमच्या आतल्या बाजूला, निपलच्या जवळच टेकतं. तिथे तर दोनदा पुसा.

आता कान वापरा. एकेक स्पोक बोटानं छेडत जा, तंबोऱ्याची तार छेडावी तसा. घट्ट स्पोक ‘टिंग’ वाजतो, ढिला ‘थड’ असा बद्द. फक्त एक लक्षात ठेवा, तुलना एकाच बाजूच्या स्पोकची करायची. मागच्या चाकात दातेरी चक्राच्या बाजूचे स्पोक मुळातच जास्त ताणलेले असतात, त्यांचा आवाज उंच असणारच. जे बद्द वाजतात ते शेजाऱ्यांच्या आवाजापर्यंत आणा. पुष्कळदा निम्मा आउट इथेच निघून जातो.

मग पेन्सिल रबरबँडनं चिमट्याला अशी बांधा, की तिचं टोक रिमच्या कडेजवळ येईल. मागच्या चाकासाठी मागच्या दांडीला बांधा. चाक हळू फिरवत पेन्सिल पुढे सरकवा. जिथे रिम सगळ्यात आधी घासेल तो सगळ्यात मोठा आउट. तो सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे खडूनं खूण करा.

खुणेचा भाग फिरवून सगळ्यात वर, तुमच्यासमोर आणा. नियम सोपा आहे. रिम उजवीकडे गेली असेल तर त्या भागातले हबच्या डाव्या चकतीतून येणारे स्पोक आवळायचे आणि उजव्या चकतीतून येणारे तेवढेच सैल करायचे. रिम डावीकडे गेली असेल तर उलट. ओढायचं कुणी, सोडायचं कुणी, हे रस्सीखेच आठवली की विसरत नाही.

चावी कुठल्या दिशेला फिरवायची, इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. म्हणूनच खुणेचा भाग वर आणायचा. वरून खाली बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की स्पोक आवळतो, उलट दिशेनं सैल होतो. चाकाच्या खालच्या भागात काम केलं तर हीच दिशा उलटी दिसते.

एका वेळी पाव फेरा. आउटच्या मध्यावरच्या स्पोकला पाव, कडेच्या स्पोकला त्याच्या निम्मा. चाक फिरवा, बघा, पुन्हा पाव फेरा. घाई करून दोन-दोन फेरे दिले तर आउट एका जागेवरून निघतो आणि दुसऱ्या जागी उभा राहतो. पहिला मोठा आउट कमी झाला की पेन्सिल आणखी जवळ घ्या आणि पुढचा शोधा. दर वेळी सगळ्यात मोठा असेल तोच धरायचा.

थांबायचं कुठे? रोजच्या सायकलची रिम काडेपेटीच्या काडीच्या जाडीपेक्षा कमी डुलत असेल तर पुरे. सायकल शर्यतीला न्यायची नाहीये.

शेवटी शेजारच्या जवळजवळ समांतर असलेल्या दोन-दोन स्पोकची जोडी मुठीत धरून दाबा. पूर्ण चाकभर असं करा. पिळले गेलेले स्पोक ‘कट्कट्’ आवाज करत आपल्या जागी बसतील. पुन्हा एकदा चाक तपासा, लागलं तर पाव फेरा इकडे-तिकडे. एखादा स्पोक दोन फेऱ्यांहून जास्त आवळला असेल तर टायर काढून आत बघा. स्पोकचं टोक निपलबाहेर आलं असेल तर ते ट्यूबला टोचून पंक्चर करेल, ते घासून सपाट करायला हवं.

इथे हात थांबवा

काही चाकं घरी सरळ होत नाहीत, आणि ते ओळखणं हाही कामाचाच भाग आहे. खड्ड्यात आपटून रिमला खळगा पडलाय, तिला तडा गेलाय, एकापेक्षा जास्त स्पोक तुटलेत, किंवा सगळे स्पोक कडक वाजतात आणि तरी रिम वाकडीच आहे, तर चाक मिस्त्रीकडे द्या. रिम वर-खाली उड्या मारत असेल तर तेही त्याच्यावर सोपवा, ते काम सरावाचं आहे. हबमध्ये मोटर असलेल्या इलेक्ट्रिक सायकलचं चाक घरी उघडू नका.

चौकात झाडाखाली बसणारा मिस्त्री हे सगळं न मोजता करतो. अंगठ्याचं नख रिमजवळ टेकवतो आणि चाक फिरवून आउट पकडतो, त्याला पेन्सिल लागत नाही. त्याच्याकडे गेलात तर मुलांना बरोबर न्या आणि त्याचे हात बघू द्या. एकदा बघितलं की वरचं अर्धं लिखाण आपोआप समजेल.

आणि मग ब्रेक

चाक सरळ झालं. हवा भरा, दोन्ही नट पुन्हा तपासा. आता ज्यासाठी हे सगळं केलं ते काम करा. ढिला केलेला ब्रेक परत जवळ आणा. रबर आणि रिम यांच्यात दोन्ही बाजूंना सारखी, बारीक फट ठेवा. दांडा दाबल्यावर हँडलपर्यंत न जाता मधेच घट्ट लागला पाहिजे.

पावसाळ्याआधी हे करून घेतलंत तर फारच उत्तम. क्रोमची चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक एरवीपेक्षा पुष्कळ कमी पकडतो. त्यात तो आधीच ढिला असेल, तर ग्वारीघाटाच्या उतारावर सायकल थांबवणं कठीण जातं.

पहिली फेरी घरासमोर, सपाट रस्त्यावर, मोठ्या माणसानं मारायची. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, दोन्ही वेगवेगळे तपासायचे. आठवड्यानं पुन्हा एकदा चाक उचलून फिरवा, कारण नव्यानं आवळलेले स्पोक थोडे सैलावतात. पुढे महिन्यातून एकदा पाच मिनिटं दिली तरी भागतं.

चावी मात्र हरवू देऊ नका. ती किल्ल्यांच्या खुंटीलाच अडकवून ठेवा. पुढच्या वेळी घरातून कुणी ‘चाक घासतंय’ म्हणालं, की ब्रेकचा पाना नको, ही चावी त्याच्या हातात द्या.